थॉर्नगेटचा शेवट

जी वस्तू आपण कधी मागितली नाही, जिच्यावर आपला हक्क आहे असे चारचौघांत कधी बोललो नाही, ती दुसऱ्याच्या ओंजळीत जाताना पाहून माणसाला जे दुःख होते, त्या दुःखाला दाद मागायला कोणतेच दार उघडे नसते. चोरी झाली म्हणावे, तर वस्तू आपली नव्हती. फसवणूक झाली म्हणावे, तर वचन कोणी दिले नव्हते. असे दुःख हळूहळू मत्सर होते. आणि मत्सर स्वतःचे खरे नाव सहसा सांगत नाही. तो कधी शिस्तीच्या वेषात येतो, कधी तत्त्वाच्या. म्युरिएल होल्ड्सवर्थ यांच्याकडे तो वाङ्मयनिष्ठेच्या वेषात आला, आणि त्यांनी त्याला आदराने खुर्ची दिली.

यॉर्कशरमधल्या एल्डरब्रिज गावच्या लोकरीच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तरी गिरणीमालकांनी बांधलेले वाचनालय टिकून राहिले होते. त्याच्या वरच्या मजल्यावर एकाआड एक गुरुवारी दुपारी वाचनमंडळ भरे. म्युरिएलबाईंनी मुलींच्या शाळेत सारा जन्म इंग्रजी शिकवले. निवृत्त झाल्यावर हे मंडळ त्यांनीच उभे केले. वाचायचे ते व्हिक्टोरिया राणीच्या काळातले, आणि वाचायचे ते त्या काळच्या वाचकांनी वाचले तसे. तेव्हा कादंबऱ्या मासिकांतून भागाभागाने येत. म्हणून मंडळातही एका बैठकीला एकच भाग. पुढचे कोणी वाचायचे नाही आणि ठाऊक असले तरी बोलायचे नाही, हा नियम. त्या खोलीत तो देवळातल्या नियमासारखा पाळला जाई. एकदा गावचे औषधविक्रेते मि. क्रॅबट्री यांच्या तोंडून एका खलनायकाच्या मरणाविषयी अर्धा शब्द निघून गेला होता, तर ते पुढच्या दोन बैठकांना लाजेने आलेच नव्हते.

त्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे सत्त्याहत्तरात, मंडळ मिसेस पॉलफ्री नावाच्या लेखिकेची ‘थॉर्नगेटचे बिऱ्हाड’ वाचत होते. हे पुस्तक कित्येक वर्षांत पुन्हा छापले गेले नव्हते. प्रत होती ती एकट्या म्युरिएलबाईंकडे. बैठक संपली की त्या पुढच्या भागाच्या झेरॉक्स प्रती प्रत्येकाच्या हाती देत, प्रसाद द्यावा तशा. कथा अशी : जोसाया डन्स्टन हा गिरणीमालक. त्याची बायको वारते. तिची थोरली बहीण ज्युडिथ त्याचे घर सांभाळायला येते, त्याची मुले वाढवते, आणि घराच्या भिंतीइतकी त्या घराची होते. दोघांच्या मनात काय आहे ते वाचकाला कळते. डन्स्टन मात्र बोलत नाही.

हीच कादंबरी म्युरिएलबाईंनी का निवडली, हे मंडळात कोणी विचारले नाही. पण विचारण्यासारखे होते. त्यांची धाकटी बहीण आयव्ही वारून काही वर्षे झाली होती. आयव्हीचा नवरा स्टॅन्ली ओल्डरॉइड तेव्हापासून दर रविवारी दुपारी म्युरिएलबाईंकडे जेवायला येई. रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये आयुष्य काढलेला हा मनुष्य बोलायला बेताचा, हसायला उदार. तो येई, पाय पुसून आत शिरे, जेवे, भांडी पुसू लागे आणि चहा घेऊन जाई. म्युरिएलबाईंचा आठवडा रविवारी सुरू होऊन रविवारीच संपत असे. याहून अधिक त्यांनी कधी मागितले नव्हते. परंतु न मागता मिळेल अशी एक आशा त्यांच्या मनाच्या कोपऱ्यात होती, आणि ती त्यांनी इतकी झाकून ठेवली होती की कधीकधी त्यांनाही ती सापडत नसे.

पानगळीच्या दिवसांत मंडळात डॅफ्नी लॉर्टन आल्या. दक्षिण इंग्लंडातल्या, विधवा, लेकीजवळ राहायला म्हणून एल्डरब्रिजमध्ये घर घेतलेले. एका वस्तुसंग्रहालयात जुन्या पोशाखांच्या विभागात त्यांनी अनेक वर्षे काम केले होते. पहिल्याच बैठकीला त्या एक खोके घेऊन आल्या.

त्या दिवशीच्या भागात ज्युडिथ जांभळट रंगाचा पोशाख घालून जिना उतरते. म्युरिएलबाई म्हणाल्या, "बहिणीला जाऊन वर्ष उलटतं न उलटतं तोच हिच्या अंगावर रंग आला. लेखिकेची सूचना उघड आहे. मन जागं झालं आहे."

डॅफ्नीबाईंनी खोक्यातून त्याच रंगाच्या कापडाचा एक तुकडा काढला. "मिस होल्ड्सवर्थ, क्षमा करा हं. हा दुखवट्याचाच रंग आहे. आधी काळा, मग करडा आणि मग हा. अर्धा दुखवटा म्हणत याला. ज्युडिथ जिना उतरते तेव्हा खालच्या प्रत्येक माणसाला कळत असणार की हिचं दुःख अजून फिटलेलं नाही."

कापड हातोहात फिरले. विणकामाच्या सुया खाली ठेवून मंडळातल्या जुन्या सभासद बॅमफर्थबाईंनी ते गालाला लावून पाहिले. आणि मागच्या रांगेतून एक आवाज आला, "म्हणजे बिचारी अजून रडतच होती की."

तो स्टॅन्ली होता. मंडळ सुरू झाल्यापासून तो केवळ म्युरिएलबाईंच्या शब्दाखातर येऊन बसे आणि बैठकीत त्याने आजवर तोंड उघडले नव्हते. म्युरिएलबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "ग्रंथ स्वतः बोलतो, मिसेस लॉर्टन," त्या म्हणाल्या. "त्याला दुभाष्या लागत नाही."

"खरं आहे," डॅफ्नीबाई हसून म्हणाल्या. "पण त्याच्या लहानपणच्या मैत्रिणी भेटल्या तर तोही खुलतो ना?"

त्या संध्याकाळी खोके जिन्यावरून खाली नेले ते स्टॅन्लीने. पुढच्या बैठकीला खोके वर आणलेही त्यानेच. मग खोक्यातून एकेक गोष्ट निघत गेली : मृतांच्या केसांची वेणी बसवलेले पदकाचे दागिने, गिरणीतल्या मुलांच्या कामाचे तास सांगणारी पत्रके, त्या काळच्या कृतीने भाजलेला ओव्याच्या भावंडासारख्या कसल्याशा बियांचा केक. मंडळ खुलले. माणसे वेळेआधी येऊ लागली. म्युरिएलबाई हे सारे पाहत आणि मनाशी म्हणत की कादंबरीचा बाजार झाला. रविवारची ग्रेव्ही ढवळताना मात्र त्यांना कादंबरी आठवत नसे. जिन्यावरून खोके घेऊन उतरणारी ती रुंद पाठ आठवे.

हिवाळ्यातल्या एका रविवारी स्टॅन्ली ताटावरून मान वर न करता म्हणाला, "पुढच्या रविवारी माझं ताट मांडू नकोस."

"का रे? तब्येत?"

"तब्येत ठणठणीत. डॅफ्नीबरोबर जायचंय. पलीकडच्या खोऱ्यात एका गिरणीमालकाचं घर होतं तसं राखून ठेवलंय म्हणे. डन्स्टनचं घर कसं असेल ते कळेल म्हणाली."

"डॅफ्नी," म्युरिएलबाई म्हणाल्या. "गेल्या महिन्यापर्यंत मिसेस लॉर्टन होती."

"तीच म्हणाली, डॅफ्नी म्हण."

"आणि तू लगेच म्हणालास. आयव्हीशी लग्न झाल्यावरसुद्धा मला कितीतरी दिवस मिस होल्ड्सवर्थ म्हणत होतास."

"तू शाळामास्तरीण होतीस. भीती वाटायची."

"आता?"

"अजून वाटते," तो हसला. "पुडिंग फर्मास झालंय हं. फुललंय कसं! तिकडे दक्षिणेत हे मांसाच्या ताटातच वाढतात. सगळं एकदम."

म्युरिएलबाईंचा काटा ताटावर टेकला. यॉर्कशरमध्ये पुडिंग म्हणजे गोड पदार्थ नव्हे, तर पीठ-अंड्यांचे भाजून फुगवलेले; ते आधी, एकटे, गरम ग्रेव्हीबरोबर, मांस त्यानंतर. दुसरी रीत दक्षिणेतल्या कोणाच्या घरी जेवल्याशिवाय कळायची नाही.

"म्हणजे तू तिच्याकडे जेवलास."

"एकदाच गं. खोकं पोचवायला गेलो होतो, तर ती म्हणाली बसा."

"आणि ते तू खाल्लंस? पुडिंग, मांसाबरोबर?"

स्टॅन्लीने चोरी कबूल करावी तशी मान डोलावली. "खाल्लं. वाईट नव्हतं."

त्या दिवशी भांडी म्युरिएलबाईंनी एकट्यानेच पुसली.

पुढच्या गुरुवारच्या भागात कादंबरीतला तो प्रसंग होता, जो म्युरिएलबाईंनी आपल्या प्रतीतून वाचून दाखवत मुलींच्या किती पिढ्यांना शिकवला असेल कोण जाणे. रात्र झाली आहे. मुले निजली आहेत. ज्युडिथ कपाटात चादरींच्या घड्या ठेवते आहे आणि डन्स्टन शेकोटीपाशी उभा आहे. तो म्हणतो, "ज्युडिथ, तुम्ही नसता तर हे घर..." आणि थांबतो. मेणबत्ती उचलतो आणि निघून जातो.

म्युरिएलबाईंनी पुस्तक मिटले. "सगळं आहे या माणसाजवळ. पैसा, पत, मोकळं घर आणि समोर जीव लावणारी बाई. नाही ते फक्त धैर्य. किंवा कदाचित प्रेमच नसेल. वाक्य अर्धं सोडणाऱ्या माणसाविषयी याहून निराळं काय म्हणायचं?"

"त्याला पुढे काय म्हणायचं होतं, मिस होल्ड्सवर्थ?" डॅफ्नीबाईंनी विचारले.

"उघड आहे. लग्नाचं."

"ते त्याला म्हणताच आलं नसतं." आज त्यांच्याजवळ खोके नव्हते; हात मांडीवर घडी घातलेले होते. "मेलेल्या बायकोच्या बहिणीशी लग्न करायला या देशात कायद्याची बंदी होती. नवराबायको एकदेह, म्हणून तिची बहीण ती त्याची सख्खी बहीण, असं चर्च मानायचं. परदेशात जाऊन लग्न केलं तरी इथे ते कोणी मानत नसे. मुलं अनौरस ठरत. कायदा बदलावा म्हणून पार्लमेंटात दर एकदोन वर्षांनी खटपट व्हायची आणि दर वेळी फसायची. मिसेस पॉलफ्रीला हे लिहावंच लागलं नाही. वाक्य जिथे तुटलं, तिथे ते का तुटलं, हे तिच्या प्रत्येक वाचकाला ठाऊक होतं. कितीतरी घरांत तेव्हा अशा मेणबत्त्या उचलल्या जात असतील."

इतके दिवस भित्रा वाटलेला एक मनुष्य सर्वांच्या डोळ्यांदेखत दुसराच होऊन उभा राहिला होता.

"अरे देवा," बॅमफर्थबाई म्हणाल्या. "आणि मी त्याला नेभळट म्हणत होते! बदलला कधी हो हा कायदा?"

"एकोणीसशे सातमध्ये."

"म्हणजे सत्तर वर्षं झाली की!" बॅमफर्थबाईंच्या जिभेला हाड नव्हते, तसा पोटात खोडसाळपणाही नव्हता. त्यांनी सुई रोखून मागच्या रांगेकडे पाहिले. "ऐकलंस का रे स्टॅन्ली? लाइन मोकळी होऊन सत्तर वर्षं झाली. आणि तू तर जन्माचा सिग्नलवाला! तुला दिसलं नाही होय?"

हशा पिकला. मि. क्रॅबट्री घाईघाईने म्हणाले, "बॅमफर्थबाई, सुया विणकामापुरत्याच ठेवा." पण एव्हाना खोलीतली प्रत्येक नजर एकदा स्टॅन्लीवर आणि एकदा म्युरिएलबाईंवर जाऊन आली होती.

स्टॅन्ली कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. त्याने मान वर केली आणि पाहिले, ते डॅफ्नी लॉर्टनकडे. त्यांनी पाहिले आपल्या मांडीवरच्या हातांकडे. दोघांना वाटले की हे कोणाला दिसले नाही.

म्युरिएलबाईंना या कायद्याची माहिती नव्हती असे नाही. महाविद्यालयात असतानाच त्यांनी ते सारे वाचले होते. तरी त्यांनी ते मुलींना कधी सांगितले नाही आणि मंडळालाही सांगितले नाही. ग्रंथ स्वतः बोलतो, असे त्या म्हणत. खरे कारण त्यांना आज, या हशाच्या मध्ये उभे राहिल्यावर कळले. कायदा सांगितला की डन्स्टन निर्दोष ठरतो; आणि मग ज्याच्या आड कोणताच कायदा नाही, त्या माणसाच्या मौनाला काय म्हणायचे, हा प्रश्न शिल्लक राहतो. डन्स्टन भित्रा असेल, तर स्टॅन्लीही भित्राच असू शकतो. आणि भित्र्या माणसाची वाट पाहण्यात काही अर्थ असतो. ही एवढी सोय त्यांनी स्वतःसाठी राखली होती. या परक्या बाईने ती एका दुपारी, हसतमुखाने, कोणताही दुष्ट हेतू नसताना काढून घेतली.

बैठक संपली. म्युरिएलबाई पुढच्या भागाच्या प्रती वाटू लागल्या. डॅफ्नीबाईंनी आपली प्रत दोन्ही हातांनी घेतली. "घरी पोचेपर्यंत धीर निघायचा नाही, बसमध्येच वाचून काढीन. खरं सांगू? पुढे काय होणार याची इतकी हुरहुर मला शाळकरी वयानंतर लागलीच नव्हती. त्या काळचे लोक मासिकाची गाडी यायची वाट बघत तशी वाट बघते मी. पहाटे जाग आली की आधी ज्युडिथ आठवते."

"कशाला एवढी हुरहुर?" म्युरिएलबाईंचा स्वर वर्गातल्यासारखा स्पष्ट होता. "शेवटी डन्स्टन धीर करतो. म्हणतो, परदेशी जाऊन लग्न करू. ज्युडिथ नाही म्हणते. एक पेटी घेऊन घर सोडते. वर्षाच्या आत तो पाद्र्याच्या मुलीशी लग्न करतो. शेवटच्या पानावर ज्युडिथ दूरच्या गावी शाळेतल्या मुलींना नकाशा दाखवत उभी असते. संपलं."

इतरत्र कुठे हे कोणाच्या ध्यानातही आले नसते. त्या खोलीत मात्र कोणीतरी दुसऱ्याच्या तोंडचा घास काढून जमिनीवर टाकावा तसे झाले. सुयांची टिकटिक थांबली. मि. क्रॅबट्री अगदी हळू "अरेरे" म्हणाले. डॅफ्नीबाईंनी हातातल्या कागदांची घडी घातली, ती उलगडली, पुन्हा घातली, आणि कोट शोधू लागल्या.

स्टॅन्ली पुढे आला. "म्युरिएल," तो म्हणाला, "हे तू बरं नाही केलंस." मग त्याने डॅफ्नीबाईंचा कोट खुंटीवरून काढला, त्यांच्या खांद्यांवर घातला, आणि दोघे जिना उतरून गेली.

रविवार गेला. तो येणार नाही हे आधीच ठरले होते, तरी म्युरिएलबाईंनी बटाटे दोघांपुरते सोलले आणि मग त्यांतले निम्मे पाण्यात तसेच ठेवले. सोमवारी दुपारी दार वाजले. स्टॅन्ली पाय पुसून आत आला. पण टोपी हातातच राहिली.

"बस."

"उभाच बरा आहे."

"चहा?"

"नको. म्युरिएल, तिने तुझं काय केलं गं? बसमध्ये ती रडली. साठीच्या पुढची बाई, गोष्टीसाठी रडली. मला काय बोलावं ते कळेना."

म्युरिएलबाई खिडकीजवळ गेल्या. अंगणातल्या दोरीवर त्यांनी सकाळी घातलेले पडदे वाळत होते. पाठमोऱ्याच त्या म्हणाल्या, "बॅमफर्थबाईने हसत विचारलं, ते मी न हसता विचारते. डन्स्टनच्या आड कायदा होता. तुझ्या आड काय होतं, स्टॅन्ली?"

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. तो बसला होता.

"माझ्या मनातच आलं नाही गं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात इतके निखळ आश्चर्य होते की त्यावर रागावणेही कठीण होते. "आयव्हीला मागणी घालायला तुमच्या दारात आलो, तेव्हा दार तू उघडलंस. हाताला खडू होता तुझ्या. म्हणालीस, पाय पुसून आत या. तेव्हापासून तू बहीण. मला सख्खी नव्हती. इतक्या उशिरा मिळाली. आयव्ही गेली तेव्हा सगळे म्हणत होते, बायको गेली बिचाऱ्याची. मला धास्ती होती की आता बहीणही जाणार. कोण कशाला ठेवील मेलेल्या बहिणीच्या नवऱ्याशी संबंध? म्हणून रविवार चुकवला नाही मी. ताप असतानाही आलो."

"आणि मी बोलले असते तर?"

स्टॅन्ली खोटे बोलणाऱ्यांतला नव्हता. त्याने विचार केला. "घाबरलो असतो," तो म्हणाला. "आणि मग रविवारी तोंड दाखवायची लाज वाटली असती."

म्युरिएलबाईंना हसू आले. ते कुठून आले ते त्यांनाही सांगता आले नसते, पण आले. "म्हणजे बरंच झालं म्हणायचं."

"तू... बोलणार होतीस?"

"अर्धं वाक्य सोडायची मला सवय नाही, स्टॅन्ली. मी ते सुरूच केलं नाही."

तो गेल्यावर त्या तशाच बसून राहिल्या. बायकोची बहीण ती आपली बहीण : ज्या नात्यात त्या काळच्या कायद्याने माणसांना बळाने बांधून ठेवले होते, ते नाते हा मनुष्य आपल्या खुशीने, तापातसुद्धा, जपत आला होता. त्याच्या मनात खोट नव्हती. भीतीसुद्धा नव्हती. ज्या दारावर त्या इतकी वर्षे कान लावून बसल्या होत्या, त्याच्या पलीकडे खोलीच नव्हती. हे कळल्यावर मत्सर निवेल असे एखाद्याला वाटेल. तो निवला नाही. उलट आता त्याला पाहायला स्वच्छ उजेड मिळाला.

पुढच्या बैठकीला म्युरिएलबाई खुर्च्या मांडायला लवकर गेल्या, तर वर डॅफ्नी लॉर्टन आधीच खुर्च्या मांडत होत्या.

"मी यायचं नाही असं ठरवलं होतं," त्या खुर्ची सरकवत म्हणाल्या.

"मग?"

"शेवट कळला, पण पेटीत काय काय भरून निघते ती, ते कुठे कळलंय? तेवढ्यासाठी आले." मग त्या थांबल्या. "बसमध्ये तुम्हाला फार वाईट बोलले मी. मनातल्या मनात. म्हातारी घार म्हटलं."

"घार?"

"आधी म्हैस म्हटलं होतं."

"घार बरी," म्युरिएलबाई म्हणाल्या. एक खुर्ची त्यांनी उगाच उचलून पुन्हा तिथेच ठेवली. "मिसेस लॉर्टन, माझ्या हातून चूक झाली. नियम मीच केला होता."

"नियमाचं राहू द्या. तुम्हाला मत्सर वाटला. मी ओळखते, कारण माझ्याही घरी तो राहतो." डॅफ्नीबाई आता हसत नव्हत्या. "स्टॅन्ली माझ्याकडे जेवायला बसतो, पहिला घास घेतो आणि म्हणतो, म्युरिएल यात चिमूटभर मोहरी घालते. फिरायला गेलो की म्हणतो, इथे आयव्हीचा पाय घसरला होता आणि म्युरिएल आम्हा दोघांना ओरडली होती. तुमचा तिघांचा मिळून एक काळ आहे. मला त्यात खिडकीतूनही डोकावता येत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या बाईने कोणता रंग का घातला, ते मी सांगू शकते. हा माणूस भांडी पुसताना मध्येच का थांबतो, ते मला सांगता येत नाही. त्याचा सगळा आगापिछा तुमच्याजवळ आहे."

हे ऐकून म्युरिएलबाईंना पहिल्यांदा वाटला तो आनंद. आणि तो चांगला आनंद नव्हता. सवतीचे नाणे खोटे निघाल्यासारखा तो होता. त्याची त्यांना लगेच लाज वाटली, आणि लाजेच्या भरात त्या बोलून गेल्या, "आयव्ही भांडी पुसताना गात असे. तो थांबतो तेव्हा ती पुढची ओळ उचलायची. काही बोलू नका त्या वेळी. तो आपोआप पुन्हा पुसू लागतो."

डॅफ्नीबाईंनी मान हलवली. त्यांचे डोळे भरले होते.

"आणि पुडिंग आधी वाढत जा," म्युरिएलबाई कडक स्वरात म्हणाल्या. "एकटं. तो तुम्हाला कधी सांगायचा नाही."

शेवटचा भाग वाचायला घेतला तेव्हा वसंत लागून टेकड्यांवर कोकरे दिसू लागली होती. स्टॅन्ली आणि डॅफ्नी यांचे लग्न उन्हाळ्यात व्हायचे ठरले होते आणि मंडळातल्या प्रत्येकाला ते ठाऊक होते. म्युरिएलबाई पुस्तक उघडून उभ्या राहिल्या. पण लगेच वाचू लागल्या नाहीत.

"वाचण्याआधी एक सांगायचं आहे," त्या म्हणाल्या. "ज्युडिथ डन्स्टनला नाही म्हणते, तो तिचा मानीपणा, असं मी आयुष्यभर शिकवलं. ते अपुरं होतं. परदेशात केलेलं लग्न इथे कोणी मानलं नसतं. त्या घराशी गावाने संबंध तोडले असते. ज्या मुलांना तिने वाढवलं, त्यांना कोणी दारात उभं केलं नसतं. ती नाही म्हणते ती बहिणीच्या मुलांसाठी. तिच्या काळच्या वाचकांना हे कळत होतं. मलाही ठाऊक होतं. मी सांगितलं नाही."

"ठाऊक होतं?" बॅमफर्थबाईंच्या सुया थांबल्या. "आणि आम्हाला नेभळट नेभळट म्हणू दिलंस? का गं, म्युरिएल?"

म्युरिएलबाईंची नजर मागच्या रांगेपर्यंत गेली आणि परत पुस्तकावर आली. बॅमफर्थबाईंनी ती नजर जाताना आणि येताना पाहिली. जन्मात पहिल्यांदाच त्यांनी प्रश्न अर्ध्यावर सोडला, मान खाली घातली आणि सुटलेला एक टाका शोधू लागल्या.

मग म्युरिएलबाईंनी वाचले. ज्युडिथ पेटी भरते. धाकट्या मुलाचा तोकडा झालेला सदरा ती आधी ठेवते, मग काढते, मग पुन्हा ठेवते. फाटकापाशी डन्स्टन टोपी काढून उभा असतो. ती म्हणते, "मुलांना थंडीत मोजे घालायला सांगा," आणि गाडी निघते. सर्वांना शेवट ठाऊक होता. तरीही डॅफ्नीबाई रुमालात तोंड लपवून रडल्या, मि. क्रॅबट्री यांनी नाक शिंकरले, आणि स्टॅन्लीने शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर आपला हात ठेवला. म्युरिएलबाईंना तो हात दिसला. त्यांनी ओळीवर बोट ठेवले, श्वास घेतला, आणि नकाशापर्यंतचे शेवटचे पान न अडखळता, स्पष्ट आवाजात वाचून पुरे केले.

घर सोडून जी निघाली, तिला नव्या गावी स्नेहाची माणसे भेटोत. उतरत्या वयात जे एकत्र येत आहेत, त्यांच्या अन्नाला चव आणि बोलण्याला वेळ लाभो. आणि जिने कधी मागितले नाही, तिच्या रविवारच्या मेजाभोवती खुर्च्या रिकाम्या न राहोत.